सिराकूझाचे डबे

नापोलीहून सकाळी नऊ पन्नासला सुटणारी ती गाडी नावाला एक, पण सिसिलीत शिरताना तिच्या दोन होतात. पुढचे चार डबे पालेर्मोचे, मागचे चार सिराकूझाचे. समुद्राच्या काठावर गाडी मधोमध तोडतात, दोन्ही तुकडे फेरीबोटीच्या पोटात शेजारशेजारच्या रुळांवर ढकलतात आणि पलीकडच्या मेस्सीना बंदरात एकेक करून बाहेर ओढतात. तिथून ज्याचा तो रस्ता. हे तिकिटावर छापलेलं असतं, डब्याच्या दारावर लिहिलेलं असतं, शिवाय गाडीत तीनदा सांगतात.

ब्रिंदुशाचं तिकीट सातव्या डब्याचं होतं. आसन बेचाळीस, खिडकीजवळ. गाडी सुटल्यावर तिने आपली निळी पिशवी त्या आसनावर ठेवली, फोन खिडकीखाली चार्जिंगला लावला, समोरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंना "जरा लक्ष ठेवाल का?" असं विचारलं आणि ती गाडीच्या आतूनच चालत दुसऱ्या डब्यात गेली. तिथे उग्ने आणि दुआर्ते बसले होते. ते दोघं पालेर्मोला दोन दिवस भटकायला निघाले होते.

"सालेर्नोपर्यंत बसते," ब्रिंदुशा म्हणाली.

सालेर्नो गेलं. साप्री गेलं. पाओला गेलं तेव्हा ती उठायला लागली, तर दुआर्तेने तिची बाही धरली. "आता कशाला जातेस? तासाभरात बोट येईल. बोटीवर सगळेच उतरतात."

"आईला फोन करायचाय."

"काय सांगणार? गाडीत बसलेय म्हणून? ते तिला माहीत आहे."

ती पुन्हा बसली.

तिघंही सप्टेंबरपासून नापोलीत होती. उग्ने लिथुआनियाची, दुआर्ते पोर्तुगालचा, ब्रिंदुशा रुमानियातल्या वास्लुईजवळच्या एका खेड्यातली. विद्यापीठांच्या देवाणघेवाणीतून वर्षभरासाठी आलेली, जुन्या इमारतींची डागडुजी शिकणारी मुलं. मंगळवार ते गुरुवार चुना, वाळू आणि भिंतींच्या भेगा. शुक्रवारी दुपारी पाठीवर पिशवी. आठ महिन्यांत रोम तीनदा झालं होतं, फ्लॉरेन्स, बोलोन्या, मातेरा झालं होतं. बोलोन्याला तिघं फलाट चारवर उभी राहिली आणि गाडी 'चार पश्चिम'वरून सुटली. तो फलाट पाव किलोमीटर लांब होता. मातेराच्या छोट्या गाडीला रविवारी सुट्टी असते, हे त्यांना रविवारीच कळलं. फोज्जाच्या स्टेशनात तिघांनी एका बाकावर आठ तास काढले. या फजित्या ती मुलं वर्गात मिरवून सांगत. चुकलेली गाडी म्हणजे सांगायला एक गोष्ट, असा त्यांचा हिशेब होता, आणि गाडी चुकल्याने आजवर कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं. पलीकडच्या टोकाला कुणी वाटच पाहत नसे.

सिराकूझाला मात्र ब्रिंदुशाची आई होती.

विओरिका नऊ वर्षांपासून तिथे सिन्योरा ओर्सोला नावाच्या म्हातारीला सांभाळत होती. त्याच घरात राहायची, म्हातारीच्या शेजारच्या खोलीत. दर ऑगस्टमध्ये दोन आठवडे गावी यायची. बाकी वर्षभर दर गुरुवारी फोन. मुलगी इटलीत शिकायला येणार हे कळलं तेव्हा विओरिकाने नकाशा काढून नापोली आणि सिराकूझाच्या मध्ये बोट ठेवून पाहिलं होतं, आणि फोनवर म्हणाली होती, "एक वीत पण नाही गं."

पण गाडीने ते साडेसात तास होते. ऑक्टोबरात येते, असं ब्रिंदुशा म्हणाली. मग नाताळाआधी. मग परीक्षा झाल्यावर. विओरिका दरवेळी म्हणायची, "अभ्यास महत्त्वाचा." अभ्यास कुठल्या शहरात चाललाय, हे तिने कधी विचारलं नाही.

शेवटी तारीख ठरली ती फ्लोरीची. ईस्टरच्या आधीचा रविवार त्यांच्याकडे फ्लोरी म्हणून पाळतात. त्या दिवशी देवळातून विलोच्या डहाळ्या आणून दाराला लावतात, उपास असला तरी मासा चालतो, आणि ज्यांचं ज्यांचं नाव फुलावरून ठेवलेलं असतं त्यांचा तो नामदिन असतो. विओरिका म्हणजे बर्फ वितळताना उगवणारं एक निळं फूल. ब्रिंदुशा म्हणजे त्याच्या आसपासच उगवणारं जांभळं. म्हणजे दोघींचा नामदिन एकच. गावाकडे असताना दोघी मिळून साजरा करत, एका ताटात. नऊ वर्षांत तो दिवस एकदाही एकत्र आला नव्हता. इटलीवाल्यांचा ईस्टर कधीच होऊन गेला होता, तेव्हा हा कुठला सण, हे सिन्योराच्या मुलाला, कोरादोला, समजावून सांगावं लागलं. रविवारी दुपारी दोन ते रात्री आठ विओरिकाला सुट्टी असायचीच. त्या वेळात कोरादो येऊन आईजवळ बसे. या वेळी तिने शनिवार संध्याकाळही मागितली. नऊ वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. कोरादोने दिली.

शुक्रवारी ब्रिंदुशाने आईला कळवलं की शनिवारी जमत नाही, रविवारी येते. शनिवारी उग्नेचा वाढदिवस होता आणि सगळे प्रोचिदा बेटावर जाणार होते. आईला तिने सांगितलं की कामाचा अहवाल द्यायचाय.

"रविवार तर रविवार," विओरिका म्हणाली. "साडेपाचला गाडी येते, आठला मला जायचं. अडीच तास. मासा माझ्या मैत्रिणीच्या, अग्लायाच्या खोलीवर करून ठेवते, तिथेच जेवू. ती हॉटेलात कामाला असते, तोवर खोली आपलीच."

बोट निघाली तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. गाडीतले लोक नेहमीप्रमाणे लोखंडी जिन्याने वर गेले. सामुद्रधुनी पार करताना खाली अंधारात बसून राहणारा माणूस एक तर परका असतो, नाहीतर आजारी. वर वारा होता, ऊन होतं, आणि उपाहारगृहासमोर अरांचिनींसाठी रांग होती. भाताचे ते तळलेले गोळे बोटीवर खाल्ल्याशिवाय सिसिलीत आल्यासारखं वाटत नाही, असं सगळेच म्हणतात. ब्रिंदुशा रांगेत उभी राहिली. तीन घेतले. दुआर्ते कठड्याला टेकून प्रोचिदाच्या बोटवाल्याची नक्कल करत होता, उग्ने हसून हसून खोकत होती.

कर्ण्यावरून सूचना आली: प्रवाशांनी आपापल्या डब्यात परतावं. सिराकूझाच्या प्रवाशांनी डाव्या जिन्याने, पालेर्मोच्या उजव्या.

ब्रिंदुशाने ते ऐकलं. नीट ऐकलं. हातातला गोळा अर्धा उरला होता.

"अजून दहा मिनिटं आहेत," दुआर्ते म्हणाला. "मी तिसऱ्यांदा येतोय या बोटीवर. हे लोक घाबरवतात नुसते. ऐक तर, मग तो बोटवाला म्हणाला—"

तिने ऐकलं. ती गोष्ट खरंच मजेदार होती. संपली तेव्हा डेकवर त्यांच्याशिवाय सात-आठ माणसं उरली होती आणि मेस्सीनाच्या धक्क्यावरची सोनेरी पुतळी मान वर करून पाहावी इतकी जवळ आली होती. तिघं धावत सुटली. उजवा जिना जवळ होता. ब्रिंदुशा क्षणभर थांबली.

"इकडूनच ये," उग्ने म्हणाली. "खाली गेल्यावर पलीकडे जा. शेजारीच तर उभी आहे तुझी गाडी."

खाली दोन्ही तुकड्यांच्या मध्ये हातभर रुंदीची वाट होती. पण त्या वाटेच्या तोंडाशी आता साखळी लावलेली होती आणि नारिंगी जाकिटातला एक माणूस उभा होता. बोटीचं तोंड उघडायला लागलं की रुळांवर कुणालाही पाय ठेवू देत नाहीत.

"सिराकूझा," ब्रिंदुशा पलीकडे बोट दाखवत म्हणाली.

"मग डावा जिना होता, बाई," तो म्हणाला. रागाने नाही. "आता याच गाडीत बसा. मेस्सीनाला उतरून बदला."

"वेळ मिळेल?"

त्याने खांदे उडवले. "कोणता तुकडा आधी काढतात त्यावर आहे."

आधी सिराकूझाचा काढला. दुसऱ्या डब्याच्या खिडकीतून ब्रिंदुशाला ते सगळं दिसलं. हाताच्या अंतरावरून आठवा डबा सरकला, मग सातवा. बेचाळीस नंबरच्या खिडकीत शिक्षिकाबाई तिच्या रिकाम्या जागेकडे आणि मग दाराकडे बघत होत्या. पिशवी आसनावर सरळ बसली होती, एखाद्या शहाण्या मुलीसारखी. मग डबे उजेडात गेले.

पालेर्मोचा तुकडा बाहेर काढायला पस्तीस मिनिटं लागली. मेस्सीनाच्या फलाटावर ती उतरली तेव्हा सिराकूझाची गाडी सुटून बराच वेळ झाला होता. दुआर्ते दारात उभा राहून म्हणाला, "फोज्जापेक्षा भारी झालं हे." तिचा चेहरा पाहून तो दारातून आत सरकला.

उग्नेने आपला फोन दिला. "आईला लाव."

ब्रिंदुशाने फोन हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं की आईचा नंबर तिला पाठ नाही. तो तिने कधी बोटांनी लावलाच नव्हता. नावावर टिचकी मारली की आई यायची. पाठ होता एकच नंबर, लहानपणी शाळेत पाठ करून घेतलेला: गावच्या घराचा, आजीचा, भिंतीवरच्या फोनचा.

आजीने सहाव्या घंटीला उचलला.

"आजी, मी ब्रिंदुशा. मेस्सीनाहून बोलतेय. माझी गाडी चुकली."

"चुकली म्हणजे? गाडीत तर होतीस ना? सकाळी आईने सांगितलं बसली म्हणून."

"बोटीवर गाडीचे दोन भाग करतात. मी दुसऱ्या भागात राहिले. पिशवी आणि फोन पहिल्या भागात गेला."

हे समजून घ्यायला ज्यांनी ती बोट पाहिली आहे त्यांनाही वेळ लागतो.

"तुझी आई," आजी म्हणाली, "नऊ वर्षं दुसऱ्याची म्हातारी सांभाळतेय. एक दिवस हरवली नाही ती म्हातारी. आणि तुला चार डबे सांभाळता येईनात. नामदिन आज तुझा, म्हणून जास्त बोलत नाही."

"बोल नंतर. आधी आईला सांग. पुढची गाडी चार चाळीसला आहे. आठ वाजून दहा मिनिटांनी पोचते."

"आठला तर तिला कामावर जायचं असतं."

"माहीत आहे मला."

"मग माहीत असून—" आजीने वाक्य गिळलं. "बरं. आता ठेव. तिला लावते आणि ती काय म्हणते बघते. पाव तासाने मला परत फोन कर. करशील ना?"

"करते."

तेवढ्यात पालेर्मोची गाडी हलली. उग्नेने दारातून हात पुढे केला, ब्रिंदुशाने फोन दिला. सगळं दोन सेकंदांत झालं.

फलाटावर ती एकटी उरली. खिशात तिकीट, वीस युरोची एक नोट आणि तेलाने ओला झालेला कागद. पाव तास झाला. फोन मागायचा म्हणजे कुणाला तरी सगळी कहाणी सांगायला हवी, परदेशी नंबर लावायचा म्हणून गयावया करायला हवी. आणि पलीकडे पुन्हा आजी. आणखी चार डबे ऐकून घ्यायचे. तिकीट खिडकीशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला तिने चार चाळीसच्या गाडीबद्दल विचारलं, तर तो हसला.

"रविवारी? ती प्रत्येक लिंबाच्या झाडाशी थांबते. बाहेर जा, बस उभी आहे. कातानियाला बदलायची. सात वाजता सिराकूझात असशील, गाडीच्या एक तास आधी."

एक तास. सात ते आठ, पूर्ण एक तास. तिने मनाशी ठरवलं की आईला हे आधी कळवायची गरजच नाही. पोचले की कळेलच, आणि चांगलंच वाटेल. बस सुटायला तीन मिनिटं होती. आजीला फोन करायचा राहिला, असं तिने पुढे स्वतःला बरेच दिवस सांगितलं. राहिला नव्हता. तिने तो केला नव्हता.

म्हाताऱ्याचं म्हणणं खरं निघालं. बस सात वाजून चार मिनिटांनी सिराकूझाच्या स्टेशनासमोर थांबली. ती धावत आत गेली. बाकं पाहिली, फलाट पाहिले, बायकांचं स्वच्छतागृह पाहिलं. आई नव्हती. सव्वासात झाले. आई अग्लायाच्या खोलीवर असेल, पण खोलीचा पत्ता फोनमध्ये होता. म्हातारीच्या घराचाही.

शेवटी स्टेशनातल्या कॉफीच्या दुकानात जाऊन तिने गल्ल्यावरच्या बाईला फोन मागितला. बाईने कहाणी न विचारताच दिला. इतकं सोपं होतं ते.

आजीने पहिल्याच घंटीला उचलला. "कुठे आहेस तू?"

"सिराकूझाला. आत्ताच पोचले. बसने आले, लवकर. आई कुठे आहे?"

पलीकडे आजीने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला असावा. "बसने," ती म्हणाली. "मी तुला पाव तासाने फोन कर म्हटलं होतं."

"आजी, आई कुठे आहे?"

"कातानियाला गेली. पाच चाळीसच्या गाडीने. तुझी पिशवी उतरवून घेतली आणि तशीच समोरच्या गाडीत बसली. म्हणाली, पोरीची गाडी सहा पंचावन्नला कातानियाला येते, तिथेच तिच्यात चढते. आठ वाजेपर्यंत गाडीत तरी शेजारी बसता येईल. सव्वा तास मिळतो म्हणाली." आजी थांबली. "तुला सांगायला सांगितलं होतं, की मागच्या डब्यात बस, म्हणजे शोधायला नको."

ब्रिंदुशाने गल्ल्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सात एकोणीस. आई त्या गाडीत चढून चोवीस मिनिटं झाली होती.

"आता सांग तिला," ती म्हणाली. "मी इथे स्टेशनावर आहे म्हणून."

"सांगते. तू हलू नकोस तिथून. बाकावर बस आणि पाय जमिनीला चिकटवून ठेव."

ती बाकावर बसली. पन्नास मिनिटं बसली. याच स्टेशनात आईने आज दुपारी तिची वाट पाहिली असणार, बहुतेक याच बाकावर. शहर समोर होतं, दिवेलागण होत होती, लोक आइस्क्रीम खात समुद्राकडे चालले होते. आठ महिन्यांत तिने एवढी शहरं पायाखाली घातली होती, पण एका जागी बसून कुणाची वाट पाहण्याची ही पहिलीच वेळ.

गाडी आठ बाराला आली. विओरिका मागच्या डब्यातून उतरली. गावी ऑगस्टमध्ये येताना घालायची तोच हिरवा झगा, केसांना पिन, एका हातात निळी पिशवी. तिने ब्रिंदुशाला पाहिलं, पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि लगेच सोडला.

"चल. चालताना बोलू. मला उशीर झालाय."

घर चालत पंधरा मिनिटांवर होतं. विओरिका भराभर चालायची. ब्रिंदुशाला तिच्या बरोबरीने राहायला अर्धवट धावावं लागत होतं.

"पिशवी दे, मी घेते."

"असू दे. तुझा फोन आत आहे. त्या मास्तरीणबाईंनी माझ्या हातात दिला. बिचारीला आधीच्या औगुस्ता स्टेशनला उतरायचं होतं, तर पिशवीसाठी पुढे आली. म्हणाली, तुमची मुलगी बोटीवरून परतलीच नाही. तुझ्या आजीने आधीच फोन करून सांगितलं नसतं, तर..." तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "असो. नामदिनाच्या शुभेच्छा."

"तुलाही, आई."

"काय झालं नक्की? रेल्वेवाल्यांनी चढवलं का तुला भलत्या डब्यात?"

वळणावर एक मोटार गेली, दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. उत्तर द्यायला तेवढा वेळ पुरला.

"हो," ब्रिंदुशा म्हणाली.

"मला वाटलंच. त्यांना काय, माणसं आणि ट्रंका सारख्याच." विओरिका पुन्हा चालू लागली. "मासा ओव्हनमध्ये आहे. दोन आहेत. दोन्ही खा. अग्लाया दहाला येईल, चावी दाराच्या वरच्या फटीत. तिच्या पलंगावर झोप, ती खाली गादी घालते म्हणाली. तू बारीक झालीस. का दिव्यामुळे वाटतंय?"

"दिव्यामुळे."

"उद्या गाडी किती वाजता?"

"साडेआठ. वर्ग आहे मंगळवारी सकाळी."

"मग उद्या नाही जमायचं. सकाळी सिन्योराची अंघोळ असते."

घर आलं. दार आधीच उघडं होतं आणि कोरादो उंबऱ्यात कोट घालून उभा होता. साठीचा माणूस, नगरपालिकेच्या कचेरीतून निवृत्त झालेला.

"आठ अठ्ठावीस, विओरिका," तो म्हणाला. "आई गोळ्या माझ्या हातून घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. मला वाटलं, तुम्ही आज येतच नाही."

नऊ वर्षांत विओरिका या दारात कधी मोठ्याने बोलली नव्हती. आता बोलली. "सिन्योर कोरादो, रेल्वेच्या माणसाने माझ्या मुलीला भलत्या गाडीत कोंबलं. वीस वर्षांची पोर, फोन नाही, पिशवी नाही. अर्ध्या सिसिलीतून एकटी आली. म्हणून उशीर झाला. माझ्यामुळे नाही आणि तिच्यामुळेही नाही."

कोरादोने ब्रिंदुशाकडे पाहिलं. त्याचा राग उतरला. "असं झालं? मग हे लेखी द्यायला हवं. तोंडी बोलून काही होत नाही यांच्याकडे. मी लिहितो अर्ज."

वरून म्हातारीने हाक मारली. विओरिकाने पिशवी ब्रिंदुशाच्या खांद्यावर अडकवली, झग्याची बाही वर सारली आणि जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कातानियाच्या पुढे निघाली होती तेव्हा फोन वाजला. ब्रिंदुशा आपल्याच आसनावर बसलेली होती.

"मासे खाल्लेस?"

"एक खाल्ला. एक अग्लायाला दिला."

"बरं केलंस. ऐक, कोरादो आलाय. सकाळीच कागद घेऊन बसलाय. त्याला डब्याचा नंबर हवाय, आणि त्या माणसाचं वर्णन. उंच होता का, कसलं जाकीट होतं. तू सांग, मी त्याला सांगते."

नारिंगी जाकीट, ब्रिंदुशाच्या मनात आलं. डावा जिना होता, बाई, असं म्हणाला होता तो. रागावला नव्हता.

"आई, अर्ज नको."

"का नको? मी इथे कधी कुणाविरुद्ध एक शब्द काढला नाही. आज काढते. माझा फ्लोरीचा दिवस घालवला त्यांनी."

"त्यांनी नाही घालवला." तिने आवाज खाली केला, जरी डब्यात ऐकणारं कुणी नव्हतं. "कुणी चढवलं नाही मला. मी मित्रांबरोबर वर होते. त्यांच्याच डब्यात बसून आले होते नापोलीपासून. परत जायची सूचना मी ऐकली होती. आणि मेस्सीनाहून आजीला परत फोन करायचा होता, तोही केला नाही. शनिवारीही अहवाल वगैरे काही नव्हता."

पलीकडे कपात चमचा फिरत होता. तो थांबला.

"किती वेळ होता?" विओरिकाने विचारलं. "सूचना झाल्यावर."

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटं," विओरिका म्हणाली. "काल मी त्या गाडीत पाच डबे फिरले. दोनदा. संडासांची दारं वाजवली, म्हटलं आत असशील. एका मुलीचे केस मागून तुझ्यासारखे होते. तिच्या खांद्यावर हात ठेवला. दचकली ती."

"आई—"

"थांब." फोन तोंडापासून दूर गेला. इटालियनमध्ये ती कुणाला तरी म्हणत होती, "तिला डब्याचा नंबर आठवत नाही म्हणते. राहू द्या आता." कोरादोचा आवाज आला, हल्लीच्या मुलांना काहीच आठवत नाही. "हो ना," विओरिका म्हणाली.

ती परत आली तेव्हा ब्रिंदुशा म्हणाली, "पुढच्या रविवारी ईस्टर आहे. मी शनिवारीच येते. सकाळच्या गाडीने."

"शनिवारची सुट्टी गेली. एकदा मागितली ती मागितली. आता लगेच कशी मागणार?"

"मग रविवारी येते. साडेपाचच्या गाडीने. जागेवरून उठणार नाही."

"बघ," विओरिका म्हणाली. "तुला जमेल तसं."

आवाजात राग नव्हता. कोरादोशी, दुकानदाराशी, औषधवाल्याशी ती ज्या नीटनेटक्या आवाजात बोले, तो होता. ब्रिंदुशाने तो आवाज फोनच्या मागून कितीदा ऐकला होता. तिच्याशी बोलताना आई तो कधी वापरत नसे. ती काहीतरी म्हणणार होती, पण सिन्योराच्या गोळ्यांची वेळ झाली होती आणि विओरिकाने फोन ठेवला.